पाच रेघांची ट्यूब

“मॅडम, अँटिबॉडीची नवीन व्हायल खराब आहे. पट्टे येतात, पण सगळे सारखेच येतात.”

पल्लवीचा हा फोन आला तेव्हा मी वाडीला, आमच्या गोडाऊनच्या कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून उभी होते. बाहेर अमरावती रोडवर दोन ट्रकवाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. मला धड ऐकूच येईना. बाहेर आले, स्वेटर काढला आणि तिला पुन्हा सांगायला लावलं.

“सारखेच म्हणजे?”

“म्हणजे औषध न दिलेल्या उंदराचा पट्टा आणि अठ्ठावीस दिवस औषध दिलेल्याचा पट्टा, दोन्ही एवढेच गडद. जुन्या व्हायलमध्ये किती छान कमी होत गेलं होतं, तुम्ही पाहिलं होतं ना? मॅडम, मले तं काही समजूनच नाही राहिलं.”

पल्लवी नरखेड तालुक्यातली, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. एरवी माझ्याशी अगदी नीटनेटकं पुस्तकी मराठी बोलते. ‘मले’ आलं की समजायचं, पोरगी घाबरली आहे.

मी बावीस वर्षं एका कंपनीत ॲप्लिकेशन स्पेशलिस्ट आहे. कंपनी प्रयोगशाळांना रसायनं आणि बोटाएवढ्या बाटल्यांतून, म्हणजे व्हायलमधून, अँटिबॉडी पुरवते. माझं पद ऐकायला मोठं आहे. काम एवढंच, की विकलेला माल चालला नाही की लोक ज्या बाईला फोन करून ओरडतात, ती बाई मी.

आता पल्लवीचं काम काय होतं ते सांगते. पेपसीके नावाचं एक एन्झाइम आपल्या लिव्हरमध्ये असतं. आपण उपाशी असलो की लिव्हर स्वतः साखर तयार करतं, त्या कामात या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. डायबेटिसमध्ये माणूस पोटभर जेवला तरी लिव्हर साखर करतच राहतं. पल्लवीच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा अर्क डायबेटिसच्या उंदरांना पाजला तर हे एन्झाइम कमी होतं का, हा तिचा पीएचडीचा प्रश्न. साली वडीलच वाळवून पोत्यात भरून एसटीनं पाठवायचे. आणि उत्तर आलं होतं, हो, कमी होतं. सात दिवसांनी थोडं, चौदा दिवसांनी आणखी, पायऱ्या उतरावं तसं.

हे दिसतं कसं? लिव्हरचा तुकडा घोटून त्यातली प्रथिनं जेलीसारख्या वडीत, म्हणजे जेलमध्ये, आकारानुसार वेगळी करायची. मग ती कागदासारख्या पांढऱ्या मेम्ब्रेनवर उतरवायची. तिथे हजारो प्रथिनं असतात, डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यावर अँटिबॉडी ओतायची. लग्नाच्या मांडवात सोडलेलं लहान पोर जसं हजार माणसांतून बरोबर आपल्या मामालाच जाऊन बिलगतं, तशी ती आपल्या एन्झाइमला चिकटते. चिकटली तिथे पट्टा उमटतो. एन्झाइम जास्त तर पट्टा गडद, कमी तर फिका. याला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात.

पल्लवीचा पेपर एका जर्नलकडे गेला होता. तिथल्या तपासनिसानं एकच मागणी केली, सगळे गट एकाच जेलवर शेजारी शेजारी दाखवा. मागणी साधी होती. तिनं नवीन व्हायल उघडली, जेल चालवलं, आणि पायऱ्या गायब. तिच्या गाईडचा, देवतळे सरांचा नियम होता की पेपर स्वीकारला गेल्याशिवाय थिसिसवर सही नाही. आणि तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपायला दोन महिने उरले होते. तीन वर्षांचं काम एका पट्ट्यावर अडलं होतं.

मी आमचे ब्रँच मॅनेजर गावंडे साहेब यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कॉम्प्युटरवरून मान वर न करता ऐकलं.

“रिप्लेसमेंट द्या आन कंप्लेंट क्लोज करा. काहून ताणून राहिल्या?”

“साहेब, अँटिबॉडी खराब असली तर पट्टा येतच नाही, नाहीतर भलत्या जागी येतो. हा बरोबर जागी येऊन राहिला.”

“मंग बरोबरच आहे ना बाप्पा! तिले दुसरी व्हायल देऊन टाका, तिचंही समाधान, आपलंही.”

त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं चूक नव्हतं. पण मला एक वाईट खोड आहे. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी नळ गळत असला तर प्लंबर येईपर्यंत मी चार वेळा उठून नळ पाहून येते. प्लंबर गेल्यावरही एकदा पाहते.

एक कारण मला सुचत होतं. ही अँटिबॉडी सशापासून मिळते. सशाला एन्झाइमचा तुकडा टोचतात, मग त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होते. जुनी व्हायल एका सशाची, नवी दुसऱ्या सशाची. दोन ससे सारखे नसतात. जुना फक्त पेपसीके ओळखत असेल आणि नवा शेजारच्या दुसऱ्याच कुणाला तरी बिलगत असेल, तर औषधाचा फरक झाकला जाऊ शकतो. मी स्कूटर काढली आणि पल्लवीच्या डिपार्टमेंटला गेले.

देवतळे सर हुशार आणि भयंकर काटकसरी. त्यांच्या लॅबमध्ये ग्लोव्हज धुऊन दोरीवर वाळत घालतात. यात मी त्यांना नावं ठेवत नाही, ग्रँट कधी येते आणि कधी येत नाही हे मला माहीत आहे.

“या मॅडम,” सर म्हणाले. “तुमचा ससा बदलला, आणि आमची पंचाईत झाली. आम्हाला जुनाच ससा पाहिजे.”

“त्या सशाचा लॉट संपला सर. पण जुन्या व्हायलमध्ये काही उरलंय का?”

पल्लवीनं फ्रीझरमधून जुनी व्हायल आणली. वरून पाहिलं तर रिकामी. पण या लॅबमध्ये रिकामी वस्तू कधी फेकत नाहीत, हे त्या दिवशी कामी आलं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली तर तळाशी एक थेंब जमा झाला. एका मेम्ब्रेनपुरता नक्की पुरणार होता.

दोन जेल एकाच वेळी चालवली, दोन्हींवर पाचही गटांचे उंदीर. एका मेम्ब्रेनवर जुनी अँटिबॉडी, दुसरीवर नवी. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो निघाला. मी आणि पल्लवी स्क्रीनला नाक लावून उभ्या होतो.

दोन्ही मेम्ब्रेनवर सगळे पट्टे सारखे होते. जुना ससाही तेच सांगत होता जे नवा सांगत होता. म्हणजे आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. नव्या व्हायलचा काहीच दोष नव्हता.

मला क्षणभर हायसं वाटलं. माल चांगला, कंप्लेंट संपली. मग पल्लवीचा चेहरा पाहिला.

“मग आधी पायऱ्या कशा आल्या, मॅडम? एकदा नाही. तीनदा केलं मी. तीनदा त्याच आल्या.”

विज्ञानात तीनदा आलं की माणूस निश्चिंत होतो. मी मात्र त्या ‘तीनदा’नं पार बेचैन झाले. दुसऱ्या दिवशी बुटीबोरीला एका कंपनीत मशीन दाखवायला गेले होते. समोरचा माणूस काहीतरी विचारत होता आणि मी त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहत होते. त्यानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तेव्हा मी म्हणाले, “सॉरी, मला बरं वाटत नाहीये.” खोटं नव्हतं ते. तिथून तशीच लॅबवर गेले.

“पल्लवी, तुझी वही दे. तिन्ही राउंडची.”

वही सुंदर होती. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, तापमान. मी जेवणाचे डबे ठेवतात त्या टेबलाशी बसून एकेक पान वाचत गेले. तिच्या जेलला नमुने ओतायच्या दहा खाचा. एका गटात आठ उंदीर. आठ उंदीर, आकार ताडायला एक मोजपट्टीचा नमुना, एक खाच मोकळी. म्हणजे एका जेलवर एकच गट मावायचा. म्हणून सोमवारी औषध न दिलेला गट, गुरुवारी सात दिवसांचा, पुढच्या सोमवारी चौदा दिवसांचा, असं करत पाच जेल. तिन्ही राउंडमध्ये हाच क्रम. आणि दुसऱ्या जेलपासून प्रत्येक पानाच्या कडेला बारीक अक्षरात दोन शब्द होते, ‘अँटिबॉडी तीच’.

“तीच म्हणजे तीच व्हायल?”

“नाही मॅडम. तीच ट्यूब.”

तिनं फ्रिजचं दार उघडलं. अंड्यांच्या कप्प्यात एक पन्नास मिलीची ट्यूब उभी होती, आत गढूळ पांढरं पाणी. अँटिबॉडी दूध पावडरच्या पाण्यात पातळ करून वापरतात. वापर झाला की ती परत ट्यूबमध्ये ओतून ठेवायची आणि पुढच्या मेम्ब्रेनला पुन्हा घ्यायची. झाकणावर मार्करनं पाच रेघा मारल्या होत्या, एका वापराला एक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दोन दिवस आम्ही सशांच्या मागे धावत होतो आणि ट्यूब फ्रिजमध्ये होती.

प्रत्येक वापरात थोडी अँटिबॉडी मेम्ब्रेनला चिकटून संपते. उरलेली दुधात आठवडाआठवडा राहून मंदावते. पहिल्या मेम्ब्रेनला ताजी अँटिबॉडी मिळाली आणि तिथे होता औषध न दिलेला गट. पाचव्या मेम्ब्रेनला थकलेली मिळाली आणि तिथे होता अठ्ठावीस दिवसांचा गट. एन्झाइम कमी होत नव्हतं, अँटिबॉडी दमत होती. आणि तीनही राउंड त्याच क्रमानं केले, म्हणून उत्तर तीनही वेळा तेच.

“पण तुलनेसाठी ॲक्टिन लावत होतीस ना?” मी विचारलं. ॲक्टिन हे दुसरं प्रथिन. ते सगळीकडे सारखं असतं, म्हणून नमुना सारखा घातलाय की नाही हे त्यावरून तपासतात.

“लावत होते. ती अँटिबॉडी स्वस्त आहे, म्हणून दर वेळी ताजी बनवायची. तिचे पट्टे सगळीकडे मस्त सारखे यायचे.”

म्हणजे रखवालदार दर वेळी ताजातवाना, आणि त्याच्याच भरवशावर आम्ही थकलेल्या साक्षीदाराची साक्ष खरी मानली. मला आता राग येऊ लागला. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो पल्लवीवर निघाला.

“अगं, अशी तुलना करतात का? कोणी सांगितलं तुला, पाच वेळा चालते म्हणून?”

ती हळूच म्हणाली, “तुम्हीच, मॅडम. वर्कशॉपमध्ये.”

आठवलं. तीन वर्षांपूर्वी याच डिपार्टमेंटला मी वर्कशॉप घेतलं होतं. मी मुलांना सांगितलं होतं की महागडी अँटिबॉडी फेकून देऊ नका, पाच वेळा आरामात वापरता येते. टाळ्या पडल्या होत्या. कंपनीची बाई असून कंपनीचा खप कमी करणारा सल्ला देते म्हणून मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. आणि सल्ला खोटा नव्हता. पट्टा आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर पाच वेळा चालते. पण एक मेम्ब्रेन दुसऱ्या मेम्ब्रेनशी ताडायची असेल तर चालत नाही. हे पुढचं वाक्य मी बोललेच नव्हते. मला ते इतकं उघड वाटलं, की बोलावंसंच वाटलं नाही.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

“पाच वापरांत एवढा फरक? मला नाही पटत. दाखवा.”

दाखवणं सोपं होतं. फक्त औषध न दिलेले उंदीर घेतले. तेच नमुने दोन मेम्ब्रेनवर. एकीला ताजी बनवलेली अँटिबॉडी, दुसरीला ती पाच रेघांची ट्यूब. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी गावंडे साहेबांशी दोनदा विनाकारण भांडले.

फोटो आला. पहिल्या मेम्ब्रेनवर जाड काळे पट्टे, दुसरीवर जेमतेम सावली. ॲक्टिन दोन्हींवर सारखं. औषधाचा थेंबही न घेतलेला उंदीर नुसती ट्यूब बदलल्यानं बरा झाला होता.

सरांनी तो फोटो टेबलावर ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, एक करा. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या, की लॉट बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या निकालांची तुलना शक्य नाही. जर्नल ऐकेल. पेपर निघेल, हिचं वर्ष वाचेल. नवीन काम आपण पुढे नीट करूच.”

मी गावंडे साहेबांना फोन लावला. खरं तर ते ‘नाही’ म्हणतील, म्हणजे मला म्हणावं लागणार नाही, एवढीच आशा होती.

“द्या ना पत्र,” साहेब म्हणाले. “लॉट तं खरंच बदलला आहे. त्यात खोटं काय? पोरीचं भलं होऊन राहिलं तं होऊ द्या ना.”

खरं सांगते, माझा हात पेनाकडे गेला होता. वाक्य शब्दशः खरं होतं. पोरगी समोर उभी होती, तिची तीन वर्षं माझ्या अर्धवट वाक्यानं गेली होती. भरपाई म्हणून एक पत्र काय जड आहे?

“सर, मला नाही लिहिता येणार,” मी म्हणाले.

सर चिडले. “तुमच्या एका वाक्यावर आम्ही तीन वर्षं काम केलं मॅडम. आणि आता एक पत्र द्यायला तुम्हाला तत्त्व आठवलं?”

हे लागलं.

“सर, पत्र नको,” पल्लवी म्हणाली. ती इतका वेळ दाराशी उभी होती. “बाबाले शुगर आहे. मी गेल्या दिवाळीत घरी ग्राफ दाखवला होता, कौतुकानं. काल माईले फोन केला तं ती म्हणे, ते तवापासून रोज सालीचा काढा पिऊन राहिले. गोळी बंद केली त्यायनं. म्हणे, पोरीनं शोधलं ना, मंग डॉक्टरची गोळी कायले?” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “पेपर निघाला तं असे अजून किती बाबा गोळ्या बंद करतीन, सर?”

सरांनी तो फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाले, “आधी घरी जा तू. जर्नलला मी लिहितो.”

मी तिला स्कूटरवर बसवून बसस्टँडवर सोडलं. नरखेडची एसटी लागलेलीच होती.

परत आले तर कंप्लेंटचा फॉर्म टेबलावर वाट पाहत होता. त्यात शेवटी ‘कारण’ म्हणून एक रकाना असतो. माल, वाहतूक, ग्राहकाची चूक, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘चुकीचं ट्रेनिंग’. गावंडे साहेबांनी वाचलं.

“कोणाचं ट्रेनिंग?”

“माझं.”

“मंग तुमच्यावरच कंप्लेंट लागते न इथं.”

“लावा.”

त्यांनी सही करून फॉर्म बाजूला सरकवला. लावली त्यांनी. वर्षभर माझ्या फाइलला ती होती.

पेपर सरांनी स्वतः मागे घेतला. पल्लवीची मुदत एका वर्षानं वाढली, त्यासाठी तिला युनिव्हर्सिटीत किती खेटे घालावे लागले ते तिलाच विचारा. सगळं काम तिनं पुन्हा केलं. शेजारच्या डिपार्टमेंटमधून जेलला पंधरा खाचा पाडणारा कंगवा मागून आणला, पाचही गट एका जेलवर, दर वेळी ताजी अँटिबॉडी. रेषा सपाट आली. सालीनं एन्झाइमला काही होत नाही, असं तिनं थिसिसमध्ये स्पष्ट लिहिलं आणि त्यावरच तिला पीएचडी मिळाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “म्हणजे निष्पन्न काहीच नाही?” ती म्हणाली, “निष्पन्न आहे ना सर. उत्तर ‘नाही’ असं आहे.”

मी बसस्टँडवर सोडलं त्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा तिच्या वडिलांची साखर तिप्पट झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पायाला झालेली जखम भरायला दोन महिने लागले, पण भरली. पीएचडीचे पेढे घेऊन ते स्वतः वाडीच्या ऑफिसात आले. मला म्हणाले, “मॅडम, तं एवढे दिवस मी उगाचच कडू पिऊन राहिलो होतो?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. तीनदा केलं आणि तीनदा तेच आलं, याचा अर्थ ते खरंच आहे असा नसतो. कधी कधी आपण तीनदा तीच चूक केलेली असते.